ज्याला घाई, त्याची दरी

ठोसरकाकांची आणि माझी ओळख झाली तेव्हा माझ्या तोंडात पुढचे सगळे दात होते. ओळख करून घेऊन मी घरी परतलो तेव्हा एक कमी होता.

ते ज्या कारखान्यातून फोरमन म्हणून निवृत्त झाले, त्याची वसाहत भोपाळच्या कडेला आहे. वसाहतीच्या मागे टेकडी, टेकडीवर सागाचं रान, आणि रानातून कड्याच्या पोटाने जाणारी पायवाट. जाताना डाव्या हाताला डोंगर, उजव्या हाताला दरी. जवाहर चौकात माझं जुन्या सायकलींचं दुकान आहे. पंक्चर काढण्यापासून सुरुवात करून मी ते उभं केलं. कोणाच्या बापाने दिलेलं नाही. गिअरच्या, जाड टायरच्या सायकली तेव्हा भोपाळात नवीन होत्या. तशी एक माझ्याकडे विकायला आली होती. गिऱ्हाइकाला खोटं सांगायचं झालं तरी खरं काय ते आपल्याला माहीत असावं, म्हणून मी ती टेकडीवर पळवून बघत होतो.

पुढे खाकी हाफ पँटीतला एक म्हातारा सायकलवर रमतगमत चालला होता. मी डोंगराच्या बाजूने घुसलो. त्याने हँडल न सोडता डावं कोपर मागे मारलं. मी दगडांवर तोंडावर पडलो. उठून बसलो तर तोंडभर रक्त, आणि म्हातारा सायकल झाडाला टेकवून माझ्याकडे बघत उभा.

मी हाताला येईल तो दगड उचलला.

"तो भुसभुशीत आहे," तो म्हणाला. "पलीकडचा घे. नाव काय बे तुझं?"

का कोण जाणे, मी नाव सांगितलं. "गजानन."

"मग मागून तेच ओरडायचं. गजानन येतो. पुढचा ये म्हणाला की जायचं, आणि दरीच्या अंगाने जायचं. ज्याला घाई, त्याची दरी. जो आपला निवांत चालला आहे त्याला काहून कड्यावर ढकलायचं?"

"आणि पुढचा काही बोललाच नाही तर?"

"बोलेपर्यंत मागे राहायचं. मुका असला तर जन्मभर."

मग त्याने बाटलीतलं पाणी मला चूळ भरायला दिलं आणि पडलेला दात गवतातून शोधून रुमालात बांधून माझ्या खिशात घातला. असा हा माणूस. दात पाडणारा आणि शोधून देणारा एकच.

ठोसरकाका मूळचे नागपूरचे. कारखान्यात त्यांची सगळी नोकरी घणाच्या शॉपमध्ये गेली. तिथे घरापेक्षा उंच घण तापलेल्या लोखंडावर पडायचा आणि त्या आवाजाने त्यांचा डावा कान कायमचा गेला होता. लालभडक लोखंड चिमट्यात धरून माणसं एकमेकांच्या पाठीमागून जायची. जाताना हाक द्यायची, हा तिथला कायदा. एकदा कोणीतरी हाक न देता गेला. त्याच वेळी ठोसरकाकांचा जोडीदार मागे वळला आणि त्याचा हात कोपरापर्यंत भाजला. तो हात पुढे कापावा लागला. हाक न देणाऱ्याचं काय झालं, असं मी विचारलं तेव्हा काका म्हणाले, "त्याला मी हाक दिली. मग मारलं." ते हसत नव्हते.

निवृत्तीनंतर त्यांनी तोच कायदा टेकडीवर आणला. दर रविवारी सकाळी वसाहतीतले आणि आसपासचे आम्ही दहा-बारा जण त्यांच्याबरोबर निघायचो. चांगले इंजिनियर, बँकवाले, सगळे मागून आपापली नावं ओरडायचे. मला आधी वाटायचं, म्हाताऱ्याने आपला बहिरा कान सांभाळायला हा नियम काढलाय. दरी उजवीकडे, चांगला कान उजवीकडे. पण परतताना दरी डावीकडे यायची तरी नियम तोच असायचा. तेव्हा ते मान पुरती वळवून हाक ऐकायचे आणि त्यात दोनदा स्वतःच झुडपात गेले होते.

बाहेरून येणाऱ्यांना हे माहीत नसायचं. शहरातल्या एका कॉलेजच्या पोराने लाकडाचा भारा घेऊन येणाऱ्या एका बाईला "साइड, साइड" म्हणत कड्याकडे सरायला लावलं. काकांनी त्याला कॉलर धरून खाली उतरवलं, हवा भरायच्या पंपाने झोडपलं, आणि त्याची सायकल उचलून दरीत टाकली. मग त्याच्याबरोबर स्वतः खाली उतरले, सायकल खांद्यावर घेऊन वर आणली आणि वाकलेलं चाक माझ्याकडून सरळ करून दिलं. पोरगा रडत होता. काका त्याला म्हणाले, "ती बाई पडली असती तर तिला सरळ करायला गजानन येणार होता का?"

एकदा मी त्यांची परीक्षा घ्यायचं ठरवलं. पुढे मी, मागे ते. "ठोसर येतो," त्यांनी हाक दिली. मी गप्प. पुन्हा हाक. मी गप्प. मुद्दाम टायर घासत, धूळ उडवत मी सगळा कडा त्यांना मागे ठेवलं. त्यांनी तिसरी हाक दिली नाही आणि पुढेही आले नाहीत. खाली सपाटीला पोहोचलो तेव्हा ते भुवयांपर्यंत मातीने भरलेले होते. सायकल लावली, माझ्याजवळ आले आणि म्हणाले, "नाही म्हणायचा हक्क तुझा होता. तो तू वापरला. चांगलं केलं." आणि एक सणसणीत थोबाडीत दिली. "ही रस्त्याची नाही. ही माझी."

आता मुख्य गोष्टीकडे येतो, कारण वसाहतीत ती चुकीची सांगतात. ठोसरांचा स्वतःचाच तोल गेला, म्हातारपणी नसते उद्योग, असं सांगतात.

वसाहतीत चोऱ्या वाढल्या म्हणून मागच्या बाजूला भिंत बांधायचं ठरलं होतं. भिंत झाली की टेकडीची वाट बंद. आमचं एक सोडा, पण टेकडीपलीकडच्या वस्तीतल्या बायका क्वार्टरांत धुणीभांडी करायला त्याच वाटेने यायच्या. त्यांना हमरस्त्याने मोठा वळसा पडणार होता. हे काम चतुर्वेदी नावाच्या साहेबाकडे होतं. ठोसरकाका त्याच्या कचेरीत खेटे घालून दमले. तो त्यांना चहा पाजायचा आणि म्हणायचा, "दादा, ऊपर से ऑर्डर है."

या चतुर्वेदीने नवी कोरी महागडी सायकल घेतली आणि एका रविवारी तोही टेकडीवर आला. मी बराच मागे होतो, पण वळणावरून मला कडा स्वच्छ दिसत होता आणि बोलणंही ऐकू येत होतं. तो काकांच्या मागे पोहोचला. "साइड, अंकल," म्हणाला, तेही डावीकडून, मेलेल्या कानाच्या बाजूने. उत्तराची वाट न बघता डोंगराच्या अंगाने घुसला. त्याचं हँडल काकांच्या हँडलला लागलं आणि काका सायकलसकट दरीत गेले. पडताना ते ओरडले नाहीत. लोखंड दगडांवर आपटत गेल्याचा आवाज तेवढा आला.

चतुर्वेदीने मागे वळून बघितलं. थांबला नाही. ते वळून बघणं मी पाहिलं.

बाकीचे खाली काकांकडे धावले. मी चतुर्वेदीच्या मागे गेलो. उतार संपायच्या आत त्याला गाठला, लाथ घालून पाडला, त्याच्याच डोक्यावरचं हेल्मेट काढलं आणि त्याच्या तोंडावर हाणत सुटलो. नाकाचं हाड मोडल्याचं हाताला कळतं. कळलं तरी मी थांबलो नाही. लाकडं तोडणाऱ्यांनी मला ओढून काढलं तेव्हा हेल्मेटची एक बाजू फुटली होती.

मला ठाण्यात नेऊन बसवलं. काकांचा खुबा मोडला होता, बरगड्या गेल्या होत्या, पण शुद्धीवर होते. मी कोठडीत बसून हिशेब लावत होतो. माझं आयुष्य देण्याघेण्यात गेलंय. कोणाची बाजू वरचढ आहे ते मला लगेच दिसतं. त्याच्याकडे एक नाक होतं. आमच्याकडे मोडलेला म्हातारा आणि डोळ्यांनी बघणारा साक्षीदार. काकांनी फक्त खरा जबाब द्यायचा होता. साहेबाची नोकरी आमच्या मुठीत होती. बाजार आमचा होता.

दोन दिवसांनी हवालदाराने दार उघडलं. "चलो सेठ, घर जाओ. साहब ने शिकायत वापस ले ली."

"और बुढ़ऊ का बयान?"

"लिखवा दिया. ख़ुद गिरे थे."

मी तसाच, न अंघोळ करता, हॉस्पिटलात गेलो. काकांच्या पायाला वजन टांगलं होतं. काकू उशाशी मोसंबं सोलत बसल्या होत्या.

"तुम्ही स्वतः पडलात?" मी म्हणालो.

"तसं सांगितलं."

"मला सोडवायला केलंत ना? मी सांगितलं होतं का तुम्हाला? मी आत वर्षभर बसलो असतो."

"तुझ्यासाठी काहून करीन बे?" त्यांना बरगड्यांमुळे मोठ्याने बोलता येत नव्हतं. "तुला तिथे खायला मिळत नव्हतं का? चतुर्वेदी आला होता. नाकाला पट्टी बांधून. म्हटलं, माझा तोल गेला म्हणून सांगतो, भिंतीत दार ठेव. तुझ्यावरची तक्रार त्याने आपल्या मनाने मागे घेतली. मी तुझं नावसुद्धा काढलं नाही."

"दार?" मी म्हणालो. "खुबा देऊन दार घेतलंत? अख्खी भिंत थांबवली असती मी. त्या माणसाला भोपाळातून उठवला असता."

"उठवला असता. मग दुसरा आला असता आणि त्याने भिंत बांधली असती. त्याचं नाक कोण फोडणार होतं?"

"माझा दात पाडलात तुम्ही," मी म्हणालो. "कोण होतो मी? पंक्चरवाला. मला कोपर, आणि साहेब तुम्हाला दरीत घालतो त्याला माफी?"

"तुझ्याकडे तेव्हा देण्यासारखं दुसरं काय होतं?"

मी पाण्याचा तांब्या उचलून भिंतीवर मारला. काकू उभ्या राहिल्या. नर्स धावत आली. काकांनी ताटलीतलं मोसंबं उचललं आणि पडल्या पडल्या माझ्या कानशिलावर मारलं. नेम अजून शाबूत होता. "तुम्हाला सौदा कळत नाही," मी दारातून ओरडलो. "जन्मभर घण मारलेत, बाजार कधी बघितला नाहीत."

"काकूंना रिक्षा बघून दे जाताना," ते म्हणाले.

मी रिक्षा बघून दिली आणि पुन्हा गेलो नाही. पुढच्या दोन महिन्यांत काकूंनी मला तीनदा निरोप पाठवला. पडून राहिलेल्या माणसाच्या पायात रक्ताची गाठ होते म्हणतात; ती वर चढली आणि ठोसरकाका एका दुपारी जेवता जेवता गेले. मी खांदा दिला. चतुर्वेदीही आला होता, मागे उभा होता. त्याला तिथून हाकलावं असं मला वाटलं. पण काकूच त्याला "बसा" म्हणाल्या.

भिंत पुरी झाली. तिच्यात दार होतं, पण कसलं? चौकट नाही, फाटक नाही, विटांमधली एक उभी फट. सायकलवर बसून जायला गेलो तर हँडल दोन्ही बाजूंना अडायचं. उतरावं लागायचं, सायकल तिरकी करावी लागायची, आणि तेवढ्यात समोरून कोणी आलं तर दोघांतल्या एकाने मागे सरायचं. धुण्याच्या बायका हसायच्या. मला दर रविवारी तिथे पोहोचलं की काकांचा नव्याने राग यायचा. खुब्याच्या बदल्यात घेतलं, तेही असं. साहेबाने चक्क फसवलं आणि यांना कळलंसुद्धा नाही.

शेवटी एका रविवारी मी दुकानातून हातोडा आणि छिन्नी घेऊन गेलो. फेरी करून परतताना, टेकडीच्या अंगाला उभा राहून, एका बाजूच्या विटा काढून वाट रुंद करणार होतो. कोणी अडवलं असतं तर हातोडा होताच. पहिली वीट हलली आणि पलीकडे वसाहतीकडच्या चढावरून चतुर्वेदी सायकल ढकलत आला.

त्याने हातोडा पाहिला. मी त्याचं नाक पाहिलं.

"तोड़ना है तो तोड़ लीजिए," तो म्हणाला. "मैं रिपोर्ट नहीं करूँगा. मैंने तो चौड़ा ही कहा था. इतना, कि ठेला निकल जाए. दादा नहीं माने."

"क्या नहीं माने?"

"अस्पताल में फीता मँगवाया. मुझे घर भेजकर अपनी साइकिल का हैंडल नपवाया. फिर बोले, इससे चार उँगल कम. मैंने कहा, दादा, सबको उतरना पड़ेगा. बोले, हाँ."

मी हातोडा खाली घेतला. देणारा जास्त देत होता आणि मागणाऱ्याने कमी मागितलं. उभ्या आयुष्यात मी असा व्यवहार पाहिला नाही, आणि खाटेवर पडलेल्या त्या माणसाला मी बाजार शिकवून आलो होतो. अजूनही तो सौदा मला पुरता पटलेला नाही. ते असते तर मी पुन्हा भांडलो असतो.

हललेली वीट मी तळहाताने ठोकून आत बसवली. चतुर्वेदी पलीकडे तसाच उभा होता, हँडल तिरकं धरून, माझ्या तोंडाकडे बघत. तो चढून आला होता, मी उतरणार होतो.

"आओ," मी म्हणालो आणि माझी सायकल मागे ओढली.

तो अंग चोरून फटीतून निघाला. अगदी जवळून गेला. नाक वाकडंच बसलं होतं. मला त्याचं वाईट वाटलं नाही.