मागच्या खोलीतली गौराक्का

गौराक्का गेल्याचं मला माहेरी आलेल्या तिच्या लेकीनं, महादेवीनं, फोनवर सांगितलं. "मावशी, आई गेली... सकाळी चहा घेतला, भिंतीला टेकली, तशीच." दहा मिनिटांत मी पोचले. जमलेल्या बायका म्हणत होत्या, गरीब बाई, कधी कुणाच्या नजरेत आली नाही. खरंच होतं ते. पण का आली नाही, हे त्यांतल्या एकीलाही ठाऊक नव्हतं. म्हणून महिन्यानंतर का होईना, लिहायला बसले आहे.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला मी सोलापुरात शिक्षिका म्हणून रुजू झाले आणि त्यांच्या शेजारची खोली भाड्यानं घेतली. गौराक्काचे यजमान मल्लप्पा मिलमध्ये फिटर होते. उरल्या वेळात घरीच स्टो, इस्त्र्या, शिलाई मशिनी दुरुस्त करायचे. मी येण्याच्या वर्षभर आधी यंत्रात त्यांच्या उजव्या हाताची बोटं गेली आणि पाठोपाठ नोकरीही. तरी गिऱ्हाईक कमी झालं नव्हतं. मल्लप्पा ओट्यावर बसून स्टो घ्यायचे, "उद्या या" म्हणायचे, आणि दुसऱ्या दिवशी निळ्या ज्योतीनं पेटणारा स्टो परत द्यायचे. त्या हातानं हे जमतं कसं, याचं मला नवल वाटे. मग एका दुपारी मधल्या भिंतीपलीकडून कानशीचा आवाज आला, आणि मल्लप्पा तर समोर ओट्यावर बसलेले...

आत गौराक्का होती, मल्लप्पांचं बघून शिकलेली. बाई दुरुस्ती करते हे कळलं तर माणसं येणार नाहीत, अब्रू जाईल ती वेगळीच, असं सासूचं म्हणणं. म्हणून गिऱ्हाइकांच्या वेळात मागच्या खोलीला बाहेरून कडी. खिडकी नव्हती, वर पत्र्यात एक काच तेवढी. मी एकदा चिडून म्हणाले, "अशी कोंडून घेतेस कशी गं?" ती हसली. "आत हाय तवर हातात पान्हा तरी हाय की. बाहीर आले की निस्ती सून."

मग तो उन्हाळ्यातला दिवस. शाळेला सुट्टी होती म्हणून मी घरी होते. सासू देवळात गेलेली, ओट्यावर एक गिऱ्हाईक येऊन बसलेलं. आत गौराक्का स्टो पेटवून बघत असताना रॉकेलनं भिजलेल्या चिंध्यांनी पेट घेतला. तिनं हळूच हाक मारली, "अवो..." गिऱ्हाइकानं विचारलं, "आत कोन हाय?" मल्लप्पा म्हणाले, "कोन न्हाई. मांजर आसंल."

ते तिनं ऐकलं. "धुरानं न्हाई गं, त्या बोलन्यानं जीव घुसमटला," असं ती मला नंतर म्हणाली. तिनं परत हाक मारलीच नाही. चिंध्यांवर पोतं टाकलं, स्क्रू-ड्रायव्हर उचलला आणि धुरात चाचपत बिजागऱ्यांचे स्क्रू काढायला लागली. दाराखालून धूर आला तेव्हा मल्लप्पा धावले. गिऱ्हाईक पाणी आणायला पळालं. डाव्या हातानं कडी निघेना, तसे मल्लप्पा ओरडू लागले. मी पोचले तोवर दार आतल्या बाजूला कलंडलं होतं आणि गौराक्का बाहेर आली होती. पदर करपलेला, मनगट भाजलेलं, हातात स्क्रू-ड्रायव्हर. बादली घेऊन आलेलं गिऱ्हाईक तिच्याकडे बघतच राहिलं. मल्लप्पा खाली बसून लहान मुलासारखे रडले.

आता सगळं बदलेल असं मला वाटलं होतं. दुसऱ्या दिवशी गेले, तर दार पुन्हा जागच्या जागी. तिनंच बसवलेलं. कडी मात्र मल्लप्पांनी पुन्हा कुणाला लावू दिली नाही. पेठेत बातमी फिरली, आठ-दहा दिवस कुणी फिरकलं नाही, मग एकेक जण परतला. "तुमीच करताय न्हवं?" असं आधी विचारून. मल्लप्पा खाली मान घालून "व्हय" म्हणायचे. आणि लोटलेल्या दाराआड कानस चालू राहायची.

मला राहवेना. मुलींना घरातल्या लहानसहान दुरुस्त्या शिकवाव्यात, हे मी आमच्या मुख्याध्यापिकाबाईंच्या गळी उतरवलं. गौराक्काच्या सासूशी भांडले. मल्लप्पा म्हणाले, "जाऊ दे तिला." गौराक्का ठेवणीतलं इरकल नेसून, पिशवीत पान्हे घेऊन वर्गात आली. सगळ्या मुली तिच्याकडे बघत होत्या. तिनं बर्नर हातात घेतला, आणि हात थांबले. नुसते थांबले... घामानं पान्हा निसटून खाली पडला. परतताना रस्त्यात म्हणाली, "सुमन, कुनी बघाय लागलं की माझं हात चालंनात गं. दार लावल्याबिगर आता जमायचं न्हाई." ती पुन्हा आली नाही आणि मीही पुन्हा म्हटलं नाही. आणखी एकदा म्हणायला हवं होतं, असं आज वाटतं.

सासू गेली, पुढे मल्लप्पा गेले. महादेवी लग्न होऊन गेली. अडवणारं कुणी उरलं नाही. मी तोवर जवळच्याच गल्लीत घर घेतलं होतं. गौराक्का तिथं माझ्याकडे यायला लागली, तीही मागच्या दारानं. इस्त्री, मिक्सर, जे बिघडलं असेल ते पुढ्यात घ्यायची आणि म्हणायची, "सुमन, तू जरा तिकडं तोंड कर." मी खिडकीकडे तोंड करून उभी राहायची. पाठीमागे स्क्रू फिरल्याचा, फुंकर मारल्याचा आवाज. एवढ्या वर्षांच्या मैत्रीत मी तिचे हात काम करताना कधी पाहिले नाहीत.

परवा मिक्सर बंद पडला. दुरुस्ती करणारे गृहस्थ घरी आले, बूड उघडून म्हणाले, "हे बघा बाई, वायर सुटलीय निस्ती." त्यांचं काम होईपर्यंत मी खिडकीकडे तोंड करून उभी होते.