क्लासच्या मॅडम पुन्हा बाकावर

तक मी-रानला माणसं फारशी आवडत नसत आणि ती ते लपवतही नसे. दक्षिण कोरियातल्या देगू शहरात, सुसंग भागात तिचे गणिताचे क्लास होते. तिथे प्रवेश मिळावा म्हणून आया ताटकळत उभ्या राहत. प्रवेशपरीक्षेत घसरलेल्या मुलांच्या आयांना ती बसा असंही म्हणत नसे. "कच्चा माल आम्ही घेत नाही," एवढं सांगून दार दाखवी. तिचा नवरा दोक-सू चष्म्याच्या फ्रेमा बनवण्याचा कारखाना चालवायचा. त्याला बायकोचा धाक होता आणि अभिमानही.

एकदा मुलीच्या शाळेत पालकसभा होती. तिची वर्गशिक्षिका जेमतेम पंचविशीची, केसांना फुलाची पिन लावणारी. क्लासचा विषय निघाल्यावर ती सगळ्यांसमोर म्हणाली की उत्तरं घोटून घेणं वेगळं आणि शिकवणं वेगळं. मी-रान गाडीत बसल्याबरोबर सुरू झाली. शिकवणं म्हणजे काय हे आता असल्या पिनवाल्या पोरी सांगणार का, असं तिचं म्हणणं.

"अगं, पण ती पात्र शिक्षिका आहे," दोक-सू गाडी चालवता चालवता सहज बोलून गेला. "तू नाहीस."

त्याला वाटलं विषय संपला. वसंत लागला तेव्हा मी-रान विद्यापीठाच्या वर्गात जाऊन बसली होती. गणिताची पदवी तिच्याकडे होतीच. आता कामाच्या जोडीने शिक्षिकेची पात्रता मिळवून देणारा अभ्यासक्रम पुरा करायचा, म्हणजे कुणाला तोंड वर करून बोलायला जागा राहणार नाही.

विद्यापीठाने तिला हवं तेवढं हसायला दिलं. प्राध्यापक बोंग स्वतःचंच पुस्तक, स्टेशनवर गाड्यांच्या वेळा सांगतात त्या सुरात वाचून दाखवायचे. विद्यार्थ्याला नावाने ओळखावं हे त्यांचं आवडतं प्रकरण, आणि समोर बसलेल्यांपैकी एकाचंही नाव त्यांना ठाऊक नव्हतं. बरोबरची पोरं तर तिला वाफवलेल्या भाताच्या गोळ्यासारखी मऊ वाटत, बोट लावलं की खळगा. त्यातली ओक ह्ये-जू सगळ्यात मऊ. सरावपाठात फळ्यासमोर तिला रडू फुटलं होतं. ती मी-रानला ताई म्हणायची आणि शेजारीच येऊन बसायची. तुम्हाला भीती कशी वाटत नाही, असं तिने एकदा विचारलं, तेव्हा पोरं आहेत, वाघ नाहीत, असं सांगून मी-रानने किंबापचा, भाताच्या गुंडाळीचा, तुकडा तोंडात टाकला होता.

मे महिन्यात दोघींना सरावासाठी शहराबाहेरच्या एकाच माध्यमिक शाळेत पाठवलं. तिथले गूक सर पेन्शनीला टेकलेले. कॉफीच्या रिकाम्या पुडीनेच कॉफी ढवळत त्यांनी सांगितलं की हवं ते करा, फक्त माझ्यापर्यंत तक्रार येऊ देऊ नका. शाळेत काय चालतं ते मी-रानला तेवढ्यातच कळलं.

पहिल्याच तासाला निम्मा वर्ग उशा घेऊन बाकावर झोपलेला. मी-रानने पुढच्या बाकावर डस्टर आपटलं. एका मुलीने डोकं वर केलं. ती मी-रानच्याच क्लासची निघाली.

"मॅडम, हे तुम्ही हिवाळ्याच्या सुट्टीतच शिकवलंय," ती अगदी अदबीने म्हणाली. "संध्याकाळी क्लासला पुढचं आहे ना, म्हणून आत्ता झोपून घेतेय."

वर्ग हसला. मागची रांग मात्र हसली नाही. ती जागी होती. कुठल्याही क्लासने न घेतलेली मुलं होती ती, आणि परक्या भाषेतल्या बातम्या बघाव्यात तशी फळ्याकडे बघत होती. मी-रानने त्यातल्याच एका मुलीला फळ्याशी बोलावलं. नामगुंग दा-ओन तिचं नाव. दा-ओनने समीकरणातली संख्या पलीकडे नेली, पण चिन्ह तसंच ठेवलं. हे तर बारकी पोरंही करत नाहीत, असं मी-रान म्हणाली.

"माहीत आहे, बाई," दा-ओनने खडू खाली ठेवला. "गेल्या वर्षी तुमच्या क्लासच्या प्रवेशपरीक्षेला आले होते, तेव्हाही तुम्ही हेच सांगितलं होतं."

आवाजात राग नव्हता. पत्ता सांगावा तसं तिने सांगितलं आणि जागेवर जाऊन बसली.

त्यानंतर ह्ये-जू मधल्या सुट्टीत दा-ओनजवळ बसू लागली. समीकरण दाखवायला जेवणाच्या ताटाच्या दोन बाजूंना मुळ्याच्या फोडी मांडायची, इकडची उचलायची, मग तिकडची. मी-रानला तो पोरखेळ बघवेना. एका पोरीवर एवढा वेळ घालवतेस, तेवढ्यात मी अख्खं प्रकरण संपवते, असं तिने ऐकवलं.

"संपवता ना, ताई," ह्ये-जू म्हणाली. या वेळी तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. "पण ज्यांना आधीच येतं त्यांचंच."

मी-रानला हे झोंबलं. दुसऱ्या दिवशी ती स्वतः दा-ओनच्या शेजारी बसली. तिने समजावलं. पुन्हा समजावलं, त्याच शब्दांत, फक्त जोरात. मुलगी घाबरून मान हलवत राहिली आणि गणित पुन्हा चुकलं. ज्याला कळत नाही त्याला समजावण्याची वेळ मी-रानवर उभ्या आयुष्यात आली नव्हती. तशांना ती दारातूनच परत पाठवत आली होती. बोंग सरांसाठी, गूक सरांसाठी जी तुच्छता तिने जपून ठेवली होती, ती आता तिच्याकडेच तोंड करून उभी राहिली. कसली नावाजलेली मॅडम, ती स्वतःशीच म्हणाली. पळणाऱ्या घोड्यांवर बसून फिरणारी बाई.

शेवटचा पाठ बघायला बोंग सर आले. मी-रानच्या पाठाला भराभर हात वर झाले. विद्यार्थ्यांचा प्रतिसाद उत्तम, असं म्हणून त्यांनी तिला सर्वांत वर ठेवलं. ह्ये-जूच्या पाठात दा-ओन उठली, मध्येच अडली, सगळा वर्ग तिच्यासाठी थांबला, आणि उत्तर बरोबर आलं तोवर घंटा झाली. वेळेचं नियोजन कच्चं, असा सरांचा शेरा. आपलं कौतुक ऐकताना मी-रानला किळस आली.

पात्रता मिळाली. दोक-सूला वाटलं, आता क्लासची दुसरी शाखा निघणार. मी-रानने क्लास हाताखालच्या बाईंच्या स्वाधीन केला आणि योंगछन या लहान शहराजवळच्या एका खाजगी शाळेत कंत्राटी नोकरी धरली.

"तिथली पोरं आवडतील का तुला?" दोक-सूने विचारलं.

"नाही आवडणार. पण अहो, मला शिकवता येत नाही. आणि येत नसताना शिक्षिका म्हणवून घ्यायची मला लाज वाटते."

ती प्रेमळ वगैरे झाली नाही. तिथले मुख्याध्यापक बोंग सरांचे धाकटे भाऊ शोभावेत असे, आणि ते तिने त्यांच्या तोंडावर सांगितलं नाही एवढंच. मुलं तिला घाबरत. पण मागच्या बाकावर ती स्वतः जाऊन बसायची, चिडायची, आणि चिडून झालं की पुन्हा सांगायची, या वेळी वेगळ्या शब्दांत.

एका रविवारी तिने ह्ये-जूला फोन केला. "इथलं जेवण बेचव, शिक्षकखोलीत सगळे आळशी. आणि एकाला अपूर्णांक कळतच नाहीत. तू काय केलं असतंस?"

ह्ये-जूने कागदाच्या पट्ट्यांची एक युक्ती सांगितली. मी-रानने ती पोरकट आहे असं सांगून फोन ठेवला आणि सोमवारी करून पाहिली. त्या मुलाला ती कळली नाही. त्याच्या शेजारणीला कळली.