मधे काही यायला नको

मी फिजिक्स घेऊन बीएस्सी झालेय, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे पुढे कुठे हसायचं ते तुम्हाला बरोबर कळेल!

आम्ही तेव्हा मीरा रोडला नवीनच राहायला आलो होतो. आम्ही म्हणजे कोण, तर मी आणि दीड वर्षाची चिऊ. नितीन कुवेतला. चिऊ चार महिन्यांची असताना तो गेला, त्यामुळे तिच्या लेखी बाप म्हणजे फोनमधून येणारा खोकला. मला रात्रंदिवस एकच धास्ती. हा सुट्टीवर येणार, हात पसरणार, आणि पोरगी त्याला बघून भोकाड पसरणार!

म्हणून मला इंटरनेट हवं होतं. कॅमेऱ्यावर का होईना, तिने बापाचं तोंड बघावं. पण आमच्या ए विंगला कुणी कनेक्शनच देईना. समोर बी विंगमध्ये भरतभाईंकडे ते होतं, पण मधल्या रस्त्यावरून तार ओढली की एखादा उंच टेम्पो ती तोडून न्यायचा. मग भरतभाईंनीच शक्कल काढली. वायरलेस! एक अँटेना त्यांच्या गॅलरीत, दुसरा ए विंगमध्ये कुणाच्या तरी गॅलरीत, आणि तिथून घराघरांत नेट.

"किसकी गॅलरी में लगाएँ?"

"माझ्या!" मी हात एवढ्या जोरात वर केला की चिऊ कडेवरून घसरली.

भरतभाईंनी ग्रिलबाहेर लांब दांडा बांधला, त्यावर अँटेना बसवला आणि मला बजावलं, "देखो भाभी, दोनों एकदम आमने-सामने हैं. बीच में कुछ नहीं आना चाहिए."

"मुझे क्या बता रहे हो, भरतभाई! मैंने फिजिक्स किया है!"

हे वाक्य मी तेव्हा उगाच बोलले. पुढे ते मला अख्ख्या सोसायटीने ऐकवलं.

नितीनला सुट्टी शुक्रवारी. दुपारी बाराला तो कॅमेऱ्यावर येणार. दर शुक्रवारी सकाळपासून माझी जी धावपळ, विचारू नका! चिऊला तेल लावून न्हाऊ घालायचं, नवा फ्रॉक, काजळ. तिची गोधडीसुद्धा धुवायची, जसा काही बाप तिकडून येऊन गोधडीवरच मांडी घालून बसणार होता! गोधडी त्याच्याच जुन्या शर्टांची, माझ्या आईने शिवलेली. रात्री थोपटताना मी चिऊचं बोट एकेका तुकड्यावर ठेवायचे. "हा बाबा. हा चौकटीवाला पण बाबा." निळ्या तुकड्याशी आले की माझंच बोट तिथे जरा जास्त रेंगाळायचं. ते जाऊ दे.

पहिल्या शुक्रवारी बारा वाजता नितीन दिसला. म्हणजे त्याचे चौकोन दिसले. "हॅलो चि..." एवढं म्हणून तो आ वासून जो थिजला, तो गेलाच. अख्ख्या ए विंगचं नेट बंद! संध्याकाळी भरतभाई बघायला आले तर सगळं सुरळीत. शनिवार ते गुरुवार झकास, शुक्रवार दुपार आली की ठप्प.

आणि चिऊ? ती गॅलरीकडे बोट दाखवून नाचायची. "बाबा! बाबा!"

"हो गं राणी," मी डोळे पुसत म्हणायचे, "बाबा तिथूनच येतो." पोरीला अँटेना कळला म्हणून माझा ऊर भरून यायचा. शेवटी मुलगी कुणाची!

मग मी शोधमोहीम हाती घेतली. आधी संशय कबुतरांवर. ती हाकलून झाली. मग समोरच्या जागृतीबेनच्या, म्हणजे भरतभाईंच्या बायकोच्या, साड्यांवर. मी इकडून ओरडले, "जागृतीबेन, साडी अंदर लो ना! गीला कपडा सिग्नल रोकता है!" हे मला माहीत होतं, बरं का. पाणी लहरी शोषून घेतं. शिकले होते ना!

बिचारीने साड्या आत घेतल्या. नेट आलं नाही. मग मी सोसायटीच्या मीटिंगमध्ये उभी राहिले. शुक्रवारी लोक सिनेमे उतरवतात, असा सरळ आरोप केला आणि वर रडले. लोक चांगले हो! पुढच्या शुक्रवारी दोन्ही विंगनी आपापले कॉम्प्युटर बंद ठेवले. का, तर ए विंगच्या भाभीला नवरा दिसावा.

बारा वाजले. चौकोन. आ वासलेला नितीन. ठप्प!

मी गॅलरीत धावले. "जागृतीबेन, कुछ बाहर तो नहीं है?"

"सब अंदर लिया भाभी! अब मैं ही बची हूँ, मैं भी अंदर जाऊँ? बाहर तो बस आपकी गोदडी है!"

"कौनसी गोदडी?"

"अरे, वो एंटेना पे डाली है वो!"

मी मान वळवली. गॅलरीत ऊन असं त्या दांड्यावरच यायचं. जाडजूड गोधडी दुसरीकडे वाळणार कुठे?

"तो... आपने पहले क्यों नहीं बोला?"

"मुझे लगा एंटेना को धूप से बचाने को ढका है. आपने फिजिक्स किया है ना, सोच के ही किया होगा!"

म्हणजे बघा, माझा नवरा कुवेतहून निघून, समुद्र ओलांडून, भरतभाईंच्या गॅलरीपर्यंत सुखरूप यायचा, आणि माझ्या दारात येऊन स्वतःच्याच ओल्या शर्टांना अडकायचा! दोन विंगमध्ये हे एकट्या चिऊला ठाऊक होतं, आणि ती दर शुक्रवारी बोट दाखवून मला सांगत होती.

मी गोधडी ओढून आत आणली, चिऊला मांडीवर घेतलं, घाईत गोधडीही मांडीवरच राहिली. आणि स्क्रीनवर नितीन हलला! दाढी वाढलेली, थोडा वाळलेला.

चिऊने मांडीवरच्या निळ्या तुकड्यावर थपाथप हात मारले. "बाबा! बाबा!"

"अगं, ओळखलं! मला ओळखलं तिने!" नितीन तिकडे खुर्चीतून उठलाच.

"मग! ओळखणारच," मी म्हटलं, आणि कॅमेरा हळूच वर सरकवला, गोधडी दिसू नये म्हणून.