मोजणीचा बुधवार

थांबा, हे आत्ताच टाइप करते. नाहीतर मी परत गप्प बसेन, आणि दोन वर्षं गप्प बसूनच गेलीयेत.

तेव्हा आम्ही अमेरिकेत, मिशिगनमधल्या नोव्हायला राहायचो. मी नववीत, बहीण दुसरीत. तिला डाव्या कानाने जवळजवळ ऐकूच येत नाही. पब्लिक स्कूलमध्ये, म्हणजे तिथल्या सरकारी शाळेत, एक स्पेशल टीचर रोज तिला शेजारी बसवून वाचून घ्यायची. तरी ती मागे पडत होती, म्हणून आईने तिला नव्या चार्टर स्कूलमध्ये घातलं. म्हणजे पैसे सरकारचेच, पण कारभार त्यांचा त्यांचा. फी नाही, वर्ग छोटे, वर युनिफॉर्म! आई इतकी खूश, की ओळखीच्या चार काकूंच्या मागे लागून त्यांचंही एकेक मूल त्याच शाळेतून काढून तिकडे नेलं.

मिशिगनमध्ये ऑक्टोबरच्या सुमारास एका बुधवारी मुलं मोजतात. त्या दिवशी वर्गात जितकी मुलं, मुख्यतः त्यावर शाळेला वर्षाचे पैसे. आधी आठवडाभर घरी चिठ्ठ्या, प्लीज ॲब्सेंट राहू नका, पिझ्झा पार्टी आहे!

आईच्या लगेच लक्षात आलं. ती पुण्यात अनुदानित शाळेत शिकवायची. "पट दाखवायचाय गं त्यांना," ती हसून म्हणाली. "आम्ही तर तपासणीच्या दिवशी घरोघरी जाऊन पोरं गोळा करायचो."

आणि नेमका त्या बुधवारीच सकाळी बहिणीला ताप.

"आय डोन्ट वाँट पिझ्झा," ती रडायलाच लागली.

"एकच दिवस जा, बाळा. शाळेचं नुकसान होईल."

"आई, यार, तिला उभं राहवत नाहीये!"

"तू मध्ये बोलू नकोस. शाळा आपल्यासाठी एवढं करते, आपण एवढंही नाही करायचं?"

तापाचं औषध पाजून आई स्वतः तिला सोडून आली.

तीन आठवड्यांनी प्रिन्सिपॉलने बोलावलं. बाबा ऑफिसात, म्हणून आईबरोबर मी गेले. बाई फार गोड बोलल्या. मुलगी गुणी आहे, पण तिला लागते तशी टीचर आमच्याकडे नाही, जुनी शाळाच तिला बरी पडेल.

"बट शी केम," आई म्हणाली. "विथ फीवर, शी केम."

बाईंनी मान हलवत नाव काढण्याचा कागद पुढे सरकवला. आपण नाही म्हणू शकतो हे आईला माहीतच नव्हतं. मलाही नव्हतं. तिने सही केली.

जुन्या शाळेने तिला लगेच घेतलं, त्यांना घ्यावंच लागतं. पण तिचे पैसे जिथे मोजली तिथेच राहिले. आणि स्पेशल टीचर आता दोन शाळांत वाटलेली, इथे आठवड्यातून एकदाच. "या वर्षी बरीच मुलं गेली ना," ऑफिसमधली बाई म्हणाली.

गाडीत बसल्यावर आई म्हणाली, "त्यातली पाच मीच नेली."

बहीण त्या वर्षी दुसरीतच राहिली. काकूंची मुलं अजून चार्टरमध्येच आहेत, मस्त वाचतात. काकू भेटल्या की आईला थँक्स म्हणतात, आणि आई विषय बदलते.

तुमच्याकडे झालंय का असं? मोजून झाल्यावर तुमच्या घरातल्या कोणाला परत पाठवलं का? झालं असेल तर प्लीज लिहा. मला ते आईला वाचून दाखवायचंय. तिला अजून वाटतं, एवढी मूर्ख ती एकटीच.