न हलणारा डोंगर

दुकानदाराने कॅमेरा माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "काका, दारापर्यंत चालून या, मग बघा." मी चालून आलो. पडद्यावर सगळं दुकान संथ पाण्यावरच्या होडीसारखं सरकत होतं. गुडघा दुखायला लागल्यापासून मी असा कधी चाललेलो नाही. "डोंगर चढतानाही असंच येईल. वाऱ्याचं घोंघावणंसुद्धा काढून टाकतो हा," तो कौतुकाने म्हणाला.

हे तिसरं दुकान, तरी माझं काही ठरत नाही. पुढच्या आठवड्यात गडावर जायचंय. तिथल्या शेवटच्या कातळावर पाय लटपटतात, धाप लागते, कानात वारा भरतो, आणि तेव्हाच वाटतं की आपण खरंच वर आलोय. ते सगळं पुसल्यावर जो डोंगर उरेल, तो कुणीही चढलेला असेल. आणि मला तरी आता किती वेळा चढता येणार आहे?

उगाचच पुन्हा दारापर्यंत जाऊन आलो. "हे न हलणं बंद करता येतं का?" मी विचारलं.

"येतं की," तो जरा चाचरत म्हणाला. "पण काका, मग त्यात तुमचं चालणं दिसेल."