आरशातला बोल्ट

माझी धाकटी बहीण गॅरेजात मेकॅनिक आहे आणि हट्टाच्या बाबतीत थेट बाबांवर गेली आहे. तेही मेकॅनिकच. त्यांच्यामागे त्यांचे पाने तिच्याकडे गेले, आईचं शिलाई मशीन माझ्याकडे आलं. माझ्या मूत्रपिंडांनी हात टेकल्यापासून मशीन धूळ खात पडलंय. डायलिसिसला न्यायला दवाखान्याची व्हॅन येते.

ती व्हॅन माझ्या डायलिसिसच्या आदल्या दिवशी दुपारी ढकलत गॅरेजात आणल्याचं कळलं, तशी मी तिथे जाऊन बसले. दवाखाना दोन तासांवर, आणि दुसरी व्हॅन नाही. मागे एक फेरी चुकली होती, तेव्हा छातीत पाणी भरलं होतं. मी घाबरले होते, लपवू कशाला?

“स्टार्टर गेलाय,” मालक म्हणाले. “वरचा बोल्ट पार मागे दडलाय. गिअरबॉक्स उतरवावा लागेल. दोन दिवस धरा.”

“मग सकाळी धक्का कोण मारणार? पेशंट?” ड्रायव्हर वैतागला.

“पाना वाकवते,” धाकटी म्हणाली.

त्या गॅरेजाची एक पद्धत आहे. अडलेल्या कामासाठी पाना कापला, वाकवला, की ज्याच्या गाडीपायी तो केला त्याच्या नावाने भिंतीवर लागतो. डॉक्टरांचा पाना, दूधवाल्याचा पाना.

धाकटीने काडीला लावलेला छोटा आरसा आत सरकवून बोल्ट पाहिला. गॅरेजातल्या पातळ पान्याची दांडी निम्मी कापली, तापवून लाल केली, आधी वर आणि मग डावीकडे वाकवली. निवल्यावर आत घातला, तर तो बोल्टावर बसेचना. तीनदा घातला, तीनदा काढला. मग तिने कपाळावर हात मारून घेतला.

“आरशात बघून वाकवला मी! डावं-उजवं उलटं झालं. आता पुन्हा वाकवला तर तुटेल.”

मालक पोट धरून हसले. मला रडूच फुटलं. त्या फटीत जाईल एवढा पातळ तेरा नंबरचा पाना आता एकच उरला होता, बाबांचा. त्याला बाबा कुणाला हात लावू देत नसत. लहानपणी त्या पान्याने अक्रोड फोडला म्हणून मी पाठीत धपाटा खाल्ला होता.

“तो नको गं,” मी म्हणाले.

“बाबांनी पहिल्यांदा हाच कापला असता. तू गप्प बस.”

आजारी मी, आणि दम मलाच!

या वेळी तिने आरसा बाजूला ठेवला. खांद्यापर्यंत हात आत घालून, डोळे मिटून, बोटांनी वाट चाचपली आणि तारेचा एक तुकडा त्या वाटेने वळवून आणला. ग्राइंडर बाबांच्या पान्याला लागला तेव्हा मी तोंड फिरवलं. तारेबरहुकूम वाकवलेला पाना आत गेला आणि बसला. जेमतेम बोटभर फिरवायचा, काढायचा, पुन्हा लावायचा. असं किती वेळा, देव जाणे. तिचं कोपर सोलून निघालं, पण दिवेलागणीला बोल्ट तिच्या तळहातावर होता. मग नवा स्टार्टर बसवायला वेळ लागला नाही.

सकाळी सातला व्हॅन दारात उभी राहिली.

परत येताना मी गॅरेजाशी उतरले. भिंतीवर डॉक्टरांच्या आणि दूधवाल्याच्या पान्यांमध्ये एक आखूड, वाकडा पाना लटकत होता. खाली खडूने लिहिलं होतं, ‘ताईचा पाना’. डोळे भरून आले. मी तो खिळ्यावरून काढला, तसा खळकन आवाज झाला.

गाडीखालून धाकटी ओरडली, “अक्रोड फोडायचे नाहीत हं!”