तुळजाबाईच्या म्हशीला कूलर

तीर्थपुरीच्या आसपासच्या आठ-दहा खेड्यांत राजानंदला सगळे डॉक्टर म्हणतात. तो डॉक्टर नाही. मोटारसायकलला नायट्रोजनची टाकी बांधून बावीस वर्षं तो गावोगाव गाई-म्हशी भरवत, म्हणजे नळीनं वळूचं बीज सोडत फिरतोय. दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत त्याला जेवायला फुरसत नसते. म्हशी पटापट गाभण राहतात आणि लोक म्हणतात, डॉक्टरच्या हाताला गुण आहे. चैत्र लागला की हात तोच, टाकीही तीच, पण म्हशी उलटायला लागतात, म्हणजे गाभण न राहता पुन्हा माजावर येतात. मग त्याच लोकांच्या मते डॉक्टर आता पहिल्यासारखा राहिलेला नसतो.

"म्हशीचं कातडं काळं, घाम यायची बोंब. उन्हाळ्यात तिचा माज मुका असतो, वरून कळतच न्हाई, औषधही बराबर लागू पडत न्हाई," असं तो जीव तोडून सांगतो. लोक माना डोलावतात आणि विचारतात, "मंग आज भरवायची ना?"

यंदा चैत्रात तुळजाबाईनं त्याला बोलावलं. तिची म्हैस वर्षभर खाली होती, म्हणजे गाभणच राहिली नव्हती. नवऱ्यानं, म्हणजे पुंजारामनं, निकाल देऊन टाकला होता: आषाढ लागेपर्यंत गाभण राहिली तर ठीक, नाही तर व्यापाऱ्याला द्यायची. तुळजाबाईनं ती वगार असल्यापासून वाढवलेली. विकायचं नाव काढलं की बाईच्या डोळ्याला पदर जायचा.

राजानंदनं नको नको म्हणत जालन्याहून औषध आणलं, नऊ दिवसांचा इलाज केला, म्हैस भरवली आणि बजावलं, "मावशी, म्हैस गार ठेवा. अंगावर पाणी, वरून वारा."

दुसऱ्या दिवशी घरातला एकुलता एक कूलर गोठ्यात गेला. पुंजाराम दोन दिवस घरात रुसून बसला आणि भाजून निघाला. तिसऱ्या दिवशी त्यानं गुपचूप बाज उचलली आणि म्हशीशेजारी टाकली. तिनं कूस बदलली की वारा अडायचा. "सरक ना बाई जराशी," असं तो विनवायचा. ज्या माणसानं बायकोला कधी 'जराशी' म्हटलं नव्हतं, तो म्हशीला बाई म्हणतोय हे ऐकून गल्लीतल्या बाया तोंडाला पदर लावून हसत.

तीन आठवड्यांनी सकाळी सकाळी पुंजारामचा फोन आला. "डॉक्टर, जल्दी या! पहाटपासून कण्हून राह्यली, घडीघडी मुतून राह्यली." म्हणजे म्हैस पुन्हा माजावर आली होती, पहिला इलाज वाया गेला होता. पण मुका माज पकडणारा गडी राजानंदला बावीस वर्षांत पहिल्यांदाच भेटला होता. त्यानं मोठ्या उमेदीनं म्हैस पुन्हा भरवली.

आषाढाच्या पहिल्या दिवशी व्यापारी टेम्पो घेऊन दारात हजर. राजानंदनं खांद्यापर्यंतचा हातमोजा चढवला आणि मागून हात घालून म्हैस तपासली. एकदा, मग पुन्हा एकदा. तुळजाबाईकडे बघायची त्याला हिंमत होईना. खोटं अगदी ओठांवर आलं होतं.

"खाली हाय," तो म्हणाला.

तुळजाबाईचा पदर डोळ्याला गेला. व्यापाऱ्यानं दावं सोडायला हात घातला. तेवढ्यात पुंजाराम बाजेवरून उठला आणि दाव्यावर पाय देऊन उभा राहिला.

"हात लावायचा न्हाई."

"अहो, तुम्हीच तर बोलावलंत!"

"बोलावलं व्हतं, ते घरात पंख्याखाली बसून. तीन महिने हिच्या बाजूला लोळलो मी. कूलर असून उकाड्यानं माझं बिलकुल कशात मन लागलं न्हाई. दोन वेळचं जेवण जाईना. अन् हिनं उन्हाळ्यात पोटात लेकरू धरायचं? दिवस लहान होऊ द्या, थंडी पडू द्या, मंग बघा हिची कमाल!"

व्यापारी बडबडत टेम्पोकडे गेला. तुळजाबाई नवऱ्याकडे नवीनच पाहुणा आल्यासारखी बघत राहिली. इतकी वर्षं घसा फोडून सांगितलेलं अखेर एका माणसाला पटलं, या आनंदानं राजानंदला एकदम भरून आलं. त्यानं पुढे होऊन पुंजारामला कडकडून मिठी मारली, हातमोजा न काढताच.